नवी व्हर्ना येईपर्यंत थांबावे का? सिटी, स्लाव्हिया, व्हर्टस आणि आपल्याकडचे रस्ते

पूर्णाकाठ (परभणी), ५ मार्च २०२३

सर्वांना नमस्कार. अकरा वर्षे वापरलेली आमची डिझेल सेडान आता बदलायची आहे आणि तिच्या जागी पुन्हा सेडानच घ्यायची, एवढे घरात ठरले आहे. ह्युंदाईची नवी व्हर्ना २१ मार्चला येत आहे. २५ हजार रुपये भरून नोंदणी फेब्रुवारीपासूनच सुरू झाली आहे. दुसऱ्या दिवशी, २२ मार्चला, गुढीपाडवा आहे आणि पाडव्याला नवी गाडी दारात उभी राहावी अशी वडिलांची इच्छा आहे. नव्या व्हर्नासाठी थांबलो तर पाडवा हुकणार हे उघड आहे. थांबायचे नसेल, तर तीनच दिवसांपूर्वी नव्या रूपात आलेली होंडाची सिटी, गेल्या वर्षी आलेल्या स्कोडाची स्लाव्हिया व फोक्सवॅगनची व्हर्टस आणि जुनी पण अजून मिळणारी मारुतीची सियाझ हे पर्याय समोर आहेत.

माझ्या दोन अटी आधीच सांगतो, कारण त्या मागच्या गाडीने मला शिकवल्या आहेत. जिंतूर रस्त्यावर एका गावाच्या वेशीत मुरूम टाकून केलेल्या गतिरोधकाला गाडीचे पोट लागले आणि चेंबर, म्हणजे इंजिनाखालचे ऑइलचे भांडे, फुटले. घरचे चौघे गाडीत होते, डिकीत दोन पोती ज्वारी होती आणि वेग पंधराच्या वर नव्हता. सगळे ऑइल रस्त्यावर सांडले. त्या कंपनीचे परभणीत सर्व्हिस सेंटर नव्हते. गाडी टेम्पोवर चढवून पावणेदोनशे किलोमीटरवर पाठवावी लागली आणि एका चेंबरसाठी अकरा दिवस ती तिथे पडून राहिली. म्हणून पहिली अट, भरलेल्या गाडीचे पोट जमिनीपासून किती वर राहते. दुसरी अट, गाडी बिघडल्यावर ती किती लांब न्यावी लागते. वाचलेल्या बहुतेक परीक्षणांत या दोन्ही गोष्टींना दोन-दोन ओळींपेक्षा जास्त जागा मिळालेली नाही.

वापर असा आहे: आठवड्यातून दोनदा परभणी-नांदेड, महिन्यातून एकदा जालन्याजवळ समृद्धीला लागून पुढे आणि दर पंधरा दिवसांनी आमच्या गावी, जिथे शेवटचे चार किलोमीटर खडीचे आहेत. मागच्या आसनावर आई आणि वडील बसतात. आईच्या दोन्ही गुडघ्यांचे ऑपरेशन झालेले आहे.

शेंद्रा-वाळूज (छत्रपती संभाजीनगर), ६ मार्च २०२३

पूर्णाकाठ, आपल्या दोन अटींपैकी पहिलीचे उत्तर आकड्यांत सोपे आहे. सिटीचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे पोटाची जमिनीपासूनची उंची, १६५ मिलिमीटर आहे. स्लाव्हिया आणि व्हर्टस या दोन्ही गाड्या एकाच सांगाड्यावर उभ्या आहेत आणि त्यांचा क्लिअरन्स १७९ मिलिमीटर आहे. चौदा मिलिमीटर म्हणजे जेमतेम दीड सेंटीमीटर, पण चेंबर फुटणे आणि नुसते घासून जाणे यांत बहुतेक वेळा अंतर तेवढेच असते. मात्र हे आकडे रिकाम्या गाडीचे आहेत. पाच माणसे आणि सामान चढले की स्प्रिंगा दबतात आणि प्रत्येक गाडी वेगवेगळ्या मापाने खाली बसते, म्हणून आपण विचारता तो भरलेल्या गाडीचा आकडा माहितीपत्रकात सापडणार नाही.

मी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात नोकरी करतो. आमच्या भागात या गाड्यांबद्दल आपुलकी आहे, कारण २००१ साली स्कोडाची पहिली भारतीय ऑक्टाव्हिया शेंद्र्याच्या कारखान्यातून बाहेर पडली आणि इथल्या अनेक घरांत पगार त्या कारखान्यातून आला. तरीही स्लाव्हिया शेंद्र्याला बनते हा येथे वारंवार होणारा गैरसमज दूर केला पाहिजे. स्लाव्हिया आणि व्हर्टस या दोन्ही चाकणला तयार होतात.

इंजिनाविषयी थोडे सविस्तर लिहितो. या गाड्यांत एक लिटरचे तीन सिलिंडरचे टर्बो इंजिन आहे, ज्याची ताकद ११५ पीएस (अश्वशक्ती) आणि टॉर्क, म्हणजे चाके फिरवणारा जोर, १७८ एनएम आहे, आणि तो टॉर्क इंजिनाच्या मिनिटाला १७५० फेऱ्यांपासूनच मिळू लागतो. सिटीचे दीड लिटरचे इंजिन १२१ पीएसचे आहे, म्हणजे कागदावर ते वरचढ ठरते, परंतु त्याचा १४५ एनएम टॉर्क ४३०० फेऱ्यांवर येतो. उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर दुपदरी रस्त्यावर ओलांडताना हा फरक पायाला लगेच जाणवतो, कारण सिटीत गिअर एक पायरी खाली घ्यावा लागतो आणि स्लाव्हियात बऱ्याचदा लागत नाही. ऑटोमॅटिक घेणार असाल तर एक लिटरच्या इंजिनाला टॉर्क कन्व्हर्टरचा सहा गिअरचा बॉक्स आहे आणि दीड लिटरच्या १५० पीएसच्या इंजिनाला कोरड्या क्लचचा सात गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा बॉक्स). बेचाळीस अंशांच्या उन्हात मोंढ्यातल्या गर्दीत इंचाइंचाने सरकण्यासाठी मी स्वतः टॉर्क कन्व्हर्टर निवडेन, कारण कोरडा क्लच अशा सरकण्यात घासतो आणि तापतो.

मांजरातीर (लातूर), ८ मार्च २०२३

धागा वाचून फार बरे वाटले. मी २०१७ च्या व्हर्नाचा मालक आहे. तिचे १.६ लिटरचे डिझेल इंजिन २६० एनएमचे आहे आणि लातूर-पुणे रस्त्यावर तिने मला कधीही अडचणीत टाकलेले नाही. त्यामुळे नवी व्हर्ना डिझेलमध्ये येणार नाही हे जाहीर झाले तेव्हा मला खरोखर वाईट वाटले. सिटीचे डिझेलही या नव्या रूपात गेले आणि सियाझचे तर २०२० सालीच गेले होते. याचा अर्थ असा की, आपल्या भागात वकील, डॉक्टर, अडते आणि बांधकाम व्यावसायिक ज्या गाड्या वर्षाला पंचवीस-तीस हजार किलोमीटर पळवत आले, तो संपूर्ण प्रकारच बाजारातून उठला.

हे का झाले, ते नव्या सदस्यांसाठी सांगतो. येत्या १ एप्रिलपासून भारत स्टेज ६ चा दुसरा टप्पा लागू होत आहे. त्यात गाडीचा धूर प्रयोगशाळेबरोबरच प्रत्यक्ष रस्त्यावर चालताना मोजला जाणार आहे. डिझेलमधील नायट्रोजन ऑक्साइड रस्त्यावर मर्यादेत ठेवायचे तर एक्झॉस्टमध्ये जास्तीची यंत्रणा बसवावी लागते. तिचा खर्च कमी खपाच्या सेडानवर वसूल होत नाही, पण जास्त खपाच्या एसयूव्हीवर होतो. ह्युंदाईचे १.५ लिटरचे डिझेल इंजिन क्रेटात राहिले आणि व्हर्नातून गेले, ते यामुळेच.

तेव्हा डिझेलची सवय लागलेल्या माणसाने आता टर्बो पेट्रोलकडेच पाहावे असे माझे मत आहे. नव्या व्हर्नात १.५ लिटरचे टर्बो इंजिन १६० पीएसचे येत आहे आणि व्हर्टसच्या १.५ लिटर इंजिनाचा टॉर्क २५० एनएम, म्हणजे माझ्या डिझेलच्या जवळपास आहे. मात्र परभणीकरांना पेट्रोलचा हिशेब इतरांपेक्षा कडक करावा लागतो. मनमाडच्या डेपोपासूनच्या अंतरामुळे परभणीचे पेट्रोल राज्यात सर्वांत महागांपैकी असते. त्यात आता इथेनॉल वीस टक्क्यांवर जाणार आहे. इथेनॉलमधून पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एक-तृतीयांश कमी ऊर्जा मिळते, त्यामुळे त्यासाठी न बनवलेल्या गाडीचे ॲव्हरेज काही टक्के घटणारच. मी ऊस उत्पादक आहे, इथेनॉलमुळे कारखान्याकडून पैसे वेळेवर मिळावेत अशी माझीही अपेक्षा आहे, आणि म्हणूनच सांगतो की जुना साठा स्वस्तात मिळतो म्हणून मार्चमध्ये गाडी घेऊ नका. एप्रिलनंतर बनलेली, वीस टक्के इथेनॉल चालणारीच गाडी घ्या.

बिंदुसरा (बीड), ८ मार्च २०२३

सियाझचा उल्लेख एका ओळीत संपवू नये. तिचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर) २६५० मिलिमीटर आहे, मागे पाय पसरून बसता येते आणि डिकी ५१० लिटरची आहे. दुरुस्ती करणारा माणूस तालुक्याच्या गावीही सापडतो. गेल्या महिन्यापासून तिच्या सर्व प्रकारांत ईएसपी (घसरू लागलेली गाडी सावरणारी यंत्रणा) दिले जात आहे. रचना २०१४ ची आहे हे मान्य. पण पूर्णाकाठ यांच्या दुसऱ्या अटीत तिच्या पुढे कोणी नाही.

गोदाकाठ (नांदेड), ११ मार्च २०२३

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे आणि चौथ्या पिढीची सिटी आठ वर्षे चालवते आहे, म्हणून दोन्ही बाजूंनी लिहू शकते. ज्यांच्या गुडघ्यांचे ऑपरेशन झालेले आहे अशा व्यक्तीला सेडानमध्ये बसताना त्रास होतो, कारण आसन गुडघ्याच्या खाली असते आणि शरीराचा संपूर्ण भार वाकलेल्या सांध्यावर घेत खाली जावे लागते. उठताना तर तो आणखी वाढतो. एसयूव्हीत आसन कमरेच्या उंचीला येते म्हणून बसणे सोपे जाते, पण ज्या गाड्यांत पाय उचलून आत चढावे लागते तिथे त्रासाची जागा फक्त बदलते. आईंना प्रत्येक गाडीत स्वतः बसवून पाहा आणि त्या उठताना दाराची चौकट धरतात की पुढच्या आसनाची पाठ, हे लक्षपूर्वक पाहा. मागच्या दाराचे तोंड रुंद असेल आणि छत मागे फार उतरते नसेल तर त्या आधी बसून मग पाय आत घेऊ शकतील. त्यांना बसण्याची रीतही तीच शिकवा.

सिटीविषयी सांगायचे तर तिचे आसन आणि एकंदर शांतता यांना आजही तोड नाही. या नव्या रूपात सर्वांत खालचा प्रकार वगळता सर्व प्रकारांत कॅमेऱ्यावर चालणारी चालक-साहाय्य यंत्रणा आली आहे. समृद्धीवर ती उपयोगी पडेल, तिथे पट्टे स्पष्ट आहेत आणि १२० च्या वेगात लागणाऱ्या डुलकीचा धोका खरा आहे. नांदेड-परभणी रस्त्यावर मात्र जिथे पट्टेच पुसलेले आहेत तिथे ती पट्टे कुठून ओळखणार? हिवाळ्यात रात्री मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली समोर येते, तिच्यासाठी मी कोणत्याही यंत्रणेवर विसंबणार नाही. रात्रपाळीला अपघात विभागात मी या ट्रॉल्यांखाली गेलेल्या गाड्यांतली माणसे पाहिली आहेत. म्हणून माझा आग्रह आधी सांगाड्याचा आणि एअरबॅगांचा आहे. बाकी सोयी त्यानंतर पाहाव्यात.

हायब्रिड सिटीचा विचार मी स्वतःसाठी केला होता. कंपनी लिटरला २७ किलोमीटरचा दावा करते आणि शहरातल्या वापरात तिची बचत मोठी आहे. पण १८.८९ लाखांपासून सुरू होणारी किंमत आणि बॅटरीमुळे ५०६ वरून ३०६ लिटरवर आलेली डिकी, या दोन गोष्टींनी मी मागे फिरले.

पूर्णाकाठ (परभणी), १२ मार्च २०२३

ताई, आपल्या प्रतिसादाची प्रत काढून मी आईला वाचून दाखवली. कारखान्यात काम करणाऱ्या सदस्यांनी आणि लातूरच्या अण्णांनी जे लिहिले त्याबद्दलही मनापासून आभार. आईला काल स्लाव्हियात आणि सिटीत बसवून पाहिले. सिटीत बसताना ती म्हणाली, "बसायलोय का पडायलोय, काही समजंना गेलंय." स्लाव्हियात थोडे बरे वाटले असे तिचे म्हणणे आहे, पण तिथे तिचा पाय दाराच्या उंबऱ्याला अडखळला.

पाडव्याचा आग्रह वडिलांनी सोडला आहे. एवढे पैसे घालायचे तर येणारी गाडी डोळ्यांनी पाहूनच निर्णय घ्यावा, असे तेच म्हणाले.

शेंद्रा-वाळूज (छत्रपती संभाजीनगर), २१ मार्च २०२३

व्हर्ना आज आली. किंमत १०.९० लाखांपासून १७.३८ लाखांपर्यंत, शोरूमची. लांबी ४५३५, रुंदी १७६५ आणि व्हीलबेस २६७० मिलिमीटर आहे, डिकी ५२८ लिटरची म्हणजे या चौघींत सर्वांत मोठी आहे. सहा एअरबॅगा खालच्या प्रकारापासून दिल्या आहेत, ही या घोषणेतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट आहे.

पूर्णाकाठ यांच्या पहिल्या अटीसाठी व्हीलबेसच्या आकड्याकडे नीट पाहिले पाहिजे. जुन्या व्हर्नाचा आणि सिटीचा व्हीलबेस २६०० आहे, नव्या व्हर्नाचा त्याहून ७० मिलिमीटर जास्त. मागच्या प्रवाशाला याचा थेट लाभ होतो, पण उंच आणि अरुंद गतिरोधकावर तोच तोट्याचा ठरतो, कारण पुढची चाके उतरलेली आणि मागची चढायची असताना गाडीचे पोट दोन टेकूंमधल्या फळीसारखे मधल्या उंचवट्यावर येते आणि टेकू जितके दूर तितके ते सहज टेकते. म्हणजे दोन गाड्यांचा क्लिअरन्स समान असला तरी लांब व्हीलबेसची गाडी आधी घासेल. स्लाव्हियाचा व्हीलबेस २६५१ आहे, म्हणजे तीही आखूड नाही, पण तिच्या वाढीव उंचीने ते भरून निघते.

आता टायरकडे वळतो, कारण खडीच्या चार किलोमीटरवर त्यांचाच कस लागणार आहे. सिटीच्या वरच्या प्रकारांत १८५/५५ आर १६ मापाचे टायर आहेत. यातील दुसरा आकडा टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के आहे ते सांगतो, म्हणजे सिटीच्या टायरची भिंत सुमारे १०२ मिलिमीटरची झाली. व्हर्नाच्या आणि व्हर्टसच्या वरच्या प्रकारांतील २०५/५५ आर १६ टायरची भिंत सुमारे ११३ मिलिमीटर भरते. अकरा मिलिमीटरचा हा जास्तीचा रबर खड्ड्याच्या काठावर रिम वाचवतो. व्हर्नाच्या सर्वांत खालच्या प्रकारातील १८५/६५ आर १५ टायर घेतले तर भिंत १२० मिलिमीटरची होते. मोठे रिम शोरूममध्ये शोभून दिसते, पण खडीवर मला पंधरा इंचीच बरे वाटते, आणि हे मी व्यवसायाने टायरच्या जवळचे काम करणारा माणूस म्हणून सांगतो.

मांजरातीर (लातूर), २३ मार्च २०२३

सर्वांना पाडव्याच्या शुभेच्छा, एक दिवस उशिरा.

व्हर्नाच्या टर्बोची सुरुवात १४.८४ लाखांपासून आहे. दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला आपल्या राज्यात बारा टक्के वाहनकर लागतो, म्हणजे केवळ आरटीओत पावणेदोन लाखांहून अधिक जातील आणि विमा धरून गाडी सतरा लाखांच्या आसपास पडेल. २५३ एनएम टॉर्क १५०० फेऱ्यांपासून मिळतो ही माझ्यासारख्या डिझेलवाल्याला मोहात पाडणारी गोष्ट आहे. तरीही मी व्हर्टसच्या एक लिटरच्या इंजिनाकडे झुकलो आहे. लातूर ते तुळजापूर या राष्ट्रीय महामार्गावर चारपदरी रस्ता झाल्यापासून ओलांडण्यासाठी फार ताकद लागतच नाही, आणि औसा सोडून आत गेल्यावर जे रस्ते आहेत तिथे १६० पीएसचा काहीच उपयोग नाही.

बिंदुसरा (बीड), २३ मार्च २०२३

अण्णा, धुळे-सोलापूर महामार्गावरही हाच अनुभव आहे. महामार्ग चांगला, त्याला मिळणारा रस्ता वाईट. गाडी त्या मिळणाऱ्या रस्त्यासाठी निवडावी.

गोदाकाठ (नांदेड), ६ एप्रिल २०२३

ग्लोबल एनकॅपने व्हर्टस आणि स्लाव्हिया यांच्या धडक चाचणीचे निकाल या आठवड्यात प्रसिद्ध केले. प्रौढांच्या सुरक्षेत ३४ पैकी २९.७१ आणि मुलांच्या सुरक्षेत ४९ पैकी ४२ गुण मिळाले आणि दोन्हींत पाच तारे आहेत. सांगाडा स्थिर असल्याचा शेरा आहे, म्हणजे धडकेनंतरही त्याच्यात भार सोसण्याची क्षमता उरते. माझ्याकडच्या जुन्या सिटीला याच संस्थेने पूर्वीच्या पद्धतीनुसार चार तारे दिले होते. दोन पद्धती वेगळ्या असल्याने ताऱ्यांची तुलना करू नये.

पूर्णाकाठ, व्हर्नाचा निकाल अद्याप आलेला नाही. थांबता येत असेल तर थांबा.

पूर्णाकाठ (परभणी), २४ एप्रिल २०२३

थांबता आले नाही, आणि त्याचे कारण सांगणे मला आवश्यक वाटते. जुन्या गाडीचा क्लच चैत्रात गेला आणि नांदेडच्या फेऱ्या थांबवणे शक्य नव्हते.

तीन गाड्या मी आमच्या गावच्या रस्त्यावर नेल्या. शोरूमवाल्यांना आधीच स्पष्ट सांगितले होते की शहरातल्या दोन किलोमीटरच्या टेस्ट ड्राइव्हवर मी निर्णय घेणार नाही. दोघांनी आनंदाने होकार दिला, तिसऱ्यांना दोनदा विनंती करावी लागली. प्रत्येक वेळी गाडीत तीच चार माणसे होती आणि डिकीत गव्हाचा एक कट्टा ठेवला होता, जेणेकरून तुलना समान राहावी. गावाच्या वेशीतला तोच गतिरोधक होता, जिथे चेंबर फुटले होते.

स्लाव्हिया सरळ गेली आणि कुठेही टेकली नाही. सिटी सरळ नेली तेव्हा हलके घासल्याचा आवाज आला. व्हर्नाही सरळ नेली असता मध्यभागी टेकली, आणि कारखान्यात काम करणाऱ्या सदस्यांनी लिहिलेली फळीची उपमा मला त्या क्षणी आठवली. तिरपी नेली, म्हणजे एका वेळी एकच चाक उंचवट्यावर येईल अशी, तेव्हा तिन्ही पार झाल्या. खडीच्या पट्ट्यावर स्लाव्हियाचे सस्पेन्शन सर्वांत घट्ट आणि आवाजही सर्वांत कमी, व्हर्ना मागच्या आसनावर सर्वांत मऊ. आई व्हर्नात उंबऱ्याला न अडखळता बसली आणि उतरताना तिने पुढच्या आसनाची पाठ न धरता दाराचा आधार घेतला. ताईंनी सांगितल्याप्रमाणे मी तेवढेच पाहत होतो.

निर्णयाच्या वेळी दोन्ही अटी एकमेकींच्या विरोधात उभ्या राहिल्या. पहिल्या अटीत स्लाव्हिया निःसंशय पुढे होती. दुसऱ्या अटीत व्हर्ना पुढे होती, कारण तिचे सर्व्हिस सेंटर माझ्या घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे आणि स्लाव्हियासाठी मला नांदेड गाठावे लागले असते. मी रात्रभर विचार केला. त्या अकरा दिवसांत वडिलांना दवाखान्यात नेण्यासाठी रोज कोणाची तरी गाडी मागावी लागली होती, ते मी विसरू शकलो नाही. अक्षय्य तृतीयेला, २२ एप्रिलला, व्हर्नाच्या १.५ लिटरच्या साध्या इंजिनाच्या मॅन्युअल गाडीची, १२.९९ लाखांच्या एसएक्स प्रकाराची, नोंदणी केली. टर्बो घेतली नाही, कारण वाचलेल्या पैशांत पाच वर्षांचा विमा आणि टायरचा एक संच निघतो.

कयाधू (हिंगोली), २५ एप्रिल २०२३

पूर्णाकाठ, अभिनंदन. माझा एक प्रश्न आहे: इंजिनाखाली पत्रा बसवणार आहात का? आमच्याकडे जुन्या गाड्यांना मेस्त्री लोखंडी पत्रा वेल्डिंग करून देतात. त्याने चेंबर वाचते खरे, पण क्लिअरन्स आणखी कमी होतो.

शेंद्रा-वाळूज (छत्रपती संभाजीनगर), २६ एप्रिल २०२३

कयाधू, वेल्डिंग करून पत्रा बसवू नये. धडकेत पुढचा भाग ठरलेल्या जागी दुमडावा अशी रचना असते आणि जाड पत्र्याने ती बदलते. शिवाय खाली हवा अडली की उन्हाळ्यात इंजिन जास्त तापते. बोल्टने बसणारे, मूळ छिद्रांवर येणारे आणि ऑइल सोडण्याच्या जागी उघडे असणारे संरक्षक कवच मिळते. ते सर्व्हिस सेंटरला विचारूनच घ्यावे, म्हणजे वॉरंटीचा वाद होणार नाही.

पूर्णाकाठ (परभणी), २५ ऑक्टोबर २०२३

काल दसरा झाला. गाडीला सहा महिने होत आले आणि नऊ हजार दोनशे किलोमीटर झाले, म्हणून अनुभव लिहितो. नांदेडच्या फेऱ्यांत ॲव्हरेज टाकी भरून मोजले असता लिटरला १७ ते १८ येते, समृद्धीवर ११० च्या वेगात १६ च्या आसपास. कंपनीचा दावा १८.६० चा आहे. पोट आजवर दोनदा घासले, दोन्ही वेळा पाच जण बसलेले असताना आणि दोन्ही वेळा मी गतिरोधक तिरपा घ्यायला विसरलो होतो. कवच बोल्टने बसवून घेतले आहे आणि त्यावर दोन ओरखडे आहेत. पहिल्या दोन सर्व्हिसिंगला गाडी सकाळी सोडून संध्याकाळी आणली.

या महिन्याच्या सुरुवातीला व्हर्नाचा ग्लोबल एनकॅपचा निकाल आला. पाच तारे आहेत, प्रौढांसाठी ३४ पैकी २८.१८ आणि मुलांसाठी ४९ पैकी ४२ गुण आहेत. परंतु सांगाड्याला अस्थिर असा शेरा मिळाला आहे. गुणांत फरक थोडा आहे, पण ताईंनी सांगाड्याविषयी जे लिहिले होते ते वाचूनही मी थांबलो नव्हतो, आणि तो शेरा वाचून मला वाईट वाटले हे येथे लिहिले पाहिजे. माझा निर्णय मी आजही सर्व्हिस सेंटरच्या अंतरामुळे योग्यच मानतो. ज्यांच्या गावात दोन्ही कंपन्यांची सोय आहे त्यांनी मात्र माझे पाहून व्हर्ना घेऊ नये, व्हर्टस किंवा स्लाव्हिया आधी पाहावी.

मांजरातीर (लातूर), २६ ऑक्टोबर २०२३

मी जूनमध्ये व्हर्टस एक लिटर टॉर्क कन्व्हर्टर घेतली. पोट एकदाही टेकलेले नाही. ॲव्हरेज मात्र लातूर शहरात ११ च्या वर जात नाही आणि ते मला जड जाते, महामार्गावर १७ मिळते. एका सेन्सरसाठी सहा दिवस थांबावे लागले. त्या सहा दिवसांत आपली आठवण झाली.

भाऊबीजेला मी बहिणीकडे वसमतला येणार आहे. आपण परभणीहून आलात तर दोन्ही गाड्या सपाट जागी उभ्या करू, तीच चार माणसे आणि तोच कट्टा दोन्हींत चढवू आणि भरलेल्या गाडीची उंची पुढच्या चाकामागे, मध्यभागी आणि मागच्या चाकापुढे अशा तीन ठिकाणी टेपने मोजू. कयाधू यांनाही वसमत दूर नाही.

कयाधू (हिंगोली), २६ ऑक्टोबर २०२३

मी येतो. माझ्याकडे गवंड्याची पाणसळ आहे, जागा सपाट आहे की नाही ते आधी तिने पाहू. माझी १७० मिलिमीटरची सियाझही घेऊन येतो.

पूर्णाकाठ (परभणी), २७ ऑक्टोबर २०२३

नक्की येतो. गव्हाचा कट्टा माझ्याकडून. आकडे त्याच रात्री येथे टाकीन.